तुमचं कोण आहे?

मिरजेला उतरलो, पहाटेचे पावणेपाच.
गोधडीत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर आडवा.
रिक्षावाल्यानं एकदा गोधडीकडं पाहिलं,
भाड्याचं काही बोलला नाही,
खड्डे चुकवत हळूहळू
थेट दवाखान्याच्या गल्लीत आणून सोडलं.

बेथेल निवास. बुटकी, लांबलचक, कौलारू.
"आमच्या आजेसासऱ्यांनी बांधली," एस्तेरबाई किल्ली शोधता शोधता सांगते,
"कंपाउंडर होते. विजापूरकडचं एक कुटुंब
रात्रभर फाटकाशी बसलेलं बघवेना,
म्हणून आपली निजायची खोली दिली,
आणि सकाळी माणशी दोन अंडी."
पुढं खोल्या वाढल्या.
अंडी अजून दोनच.

खोल्यांना नंबर नाहीत. रूथ, हन्ना, दानिएल.
मला योना.
"तीन दिवसांचं काम म्हणताय ना? मग माशाच्या पोटातच बरं."
हसायचं तर हसा, अशा बेतानं म्हणाली.

रजिस्टरात रकाना: येण्याचे कारण.
वरच्या ओळीत 'दवाखाना',
खाली पानभर नुसत्या दोन-दोन रेघा.
मी लिहिलं, 'तंबोरा दुरुस्ती'.
चप्पल घालून देवळात शिरल्यासारखे
ते दोन शब्द.

सकाळी लांब टेबल, फुलाफुलांचं मेणकापड,
उप्पीट, अंडी, केटलीला लोकरीची टोपी.
अथणीचे कल्लाप्पा,
कवठेमहांकाळच्या दोघी जावा, सासूच्या पाळ्या वाटून घेतलेल्या,
आणि एक पोरगेला बाप,
डब्यात उप्पीट भरताना सारखा सांडणारा.
"तुमचं कोण आहे?" थोरल्या जावेनं विचारलं.
इथं नाव-गाव मागून विचारतात.

मला खोटं सुचलं नाही.
"तंबोरा."
वाटलं, आता हसतील.
कल्लाप्पांनी बशी खाली ठेवली.
"काय झालंय?"
"भोपळ्याला तडा गेलाय."
"कुठल्या बाजूला?"
"खाली. बसतो तिथं."
"कुणाला दाखवलं?"
"हिदायतचाचांना. सतारमेकर गल्लीत."
"हात चांगलाय त्यांचा," धाकटी जाऊ म्हणाली,
जिनं ते नाव त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकलं होतं.

मग रोज चौकशी.
आज काय म्हणाले? चिकटवलं का? पट्टी बांधली?
मीही विचारायला शिकलो:
सलाईन निघालं का, लघवी झाली का, डॉक्टर राउंडला आले का.
असले प्रश्न मी
घरच्यांनाही कधी विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी कल्लाप्पांचा कप पालथा होता.
कुणी काही बोललं नाही.
एस्तेरबाईनं त्यांच्या वाटची दोन अंडी
पोरगेल्या बापाच्या डब्यात टाकली
आणि मीठ सोडायला विसरली,
परत उठली, मीठ सोडलं.

दुपारी तंबोरा आणला. तड्यावर केसाएवढी रेघ,
अंगठा फिरवला तरच कळणारी.
"जवारी पण काढलीय," चाचा म्हणाले होते,
"पण आठ दिवस ताण देऊ नका. दमलंय ते."

संध्याकाळी जेवणाआधी मेणकापडावरच उभा धरला.
"गायचं नाही," मी सांगितलं, "नुसता लावतो."
पंचम, जोड, खर्ज. परत पंचम.
खुंटी सरकत होती, मी पिळत होतो.
शेजारच्या हन्नातून कुणीतरी खोकत बाहेर आलं, दारातच थांबलं.
पोरगेला बाप जेवता जेवता झोपला,
घास हातातच.
धाकट्या जावेनं मला खुणेनं सांगितलं,
थांबवू नका.

सकाळी हिशेब केला. तीन रात्री, सहा अंडी.
रजिस्टरात शेवटी एक अरुंद रकाना आहे, 'शेरा',
तो एस्तेरबाई स्वतः भरते, चष्मा पुसून.
कल्लाप्पांच्या ओळीत तिथं कोरं होतं.
माझ्या ओळीत तिनं लिहिलं, 'बरा होऊन गेला',
टिपकागद दाबला,
आणि ओळ सुकेपर्यंत
वही मिटली नाही.

स्टँडकडं जाताना रिक्षावाल्याला म्हणालो,
"जरा हळू घ्या."
"कोण आहे?" त्यानं विचारलं.